वर्ग रेकॉर्ड करायचाय: फळ्यासमोर मोबाईल की टेबलावर लॅपटॉप?

तास रेकॉर्ड करून विद्यार्थ्यांना द्यायचे ठरले की स्टाफरूममध्ये लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, मोबाईल ट्रायपॉडवर लावा, फळ्याकडे तोंड करा, झालं. दुसरा म्हणतो, लॅपटॉपवर ओबीएस हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर टाका आणि स्क्रीन, आवाज दोन्ही एकदमच पकडा. दोघांचंही खरं आहे. दोन्ही वापरून मी एका बाजूला स्थिरावलो आहे आणि ती बाजू कोणती हे वाचता वाचता कळेलच. पण तुमचा विषय, तुमची खोली आणि शिकवायची सवय वेगळी असेल, तर तुमचं उत्तर उलटंही येऊ शकतं.

आधी बघणारा कोण आहे ते डोळ्यांसमोर ठेवा. सामुदायिक महाविद्यालयाचा किंवा मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्राचा विद्यार्थी बहुतेक वेळा कामावर जाणारा असतो. आमच्या नागपूरकडे म्हणजे बुटीबोरी नाहीतर हिंगण्याच्या एमआयडीसीत शिफ्ट, घर कामठी, काटोल किंवा उमरेडकडे. तो तुमचं रेकॉर्डिंग साडेसहा इंची मोबाईलवर, इअरफोन लावून, दिवसाला दीड-दोन जीबीच्या डेटा पॅकवर बघणार. नॅकच्या (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) फायलीत लिंक चिकटवण्यापुरतं रेकॉर्डिंग हवं असेल तर काहीही चालेल, तो वेगळा विषय. विद्यार्थ्याने बघावं म्हणून करत असाल तर तीनच गोष्टी बघायच्या: आवाज, अक्षर आणि फाइलचा आकार. याच क्रमाने.

दोन मांडण्या

मोबाईलची मांडणी म्हणजे पहिल्या किंवा दुसऱ्या बाकाच्या रेषेत ट्रायपॉड, त्यावर आडवा फोन, मागचा कॅमेरा फळ्याकडे आणि शिक्षकाच्या कॉलरला माइक. माइक वायरचा असेल तर पाच-सहा मीटर वायर तरी हवी, नाहीतर 2.4 गिगाहर्ट्झचा वायरलेस, ज्याचा छोटा रिसीव्हर फोनच्या टाइप-सी पोर्टमध्ये बसतो.

लॅपटॉपच्या मांडणीत ओबीएस हे फुकटचं सॉफ्टवेअर, तोच कॉलर माइक आणि लिहायला काहीतरी. स्लाइडवर शिकवणाऱ्याला पेन टॅब्लेट (लॅपटॉपला जोडायची, पेनाने लिहायची पाटी) पुरतो. कागदावर लिहायची सवय असलेल्याला मी वेगळं सांगेन: एक साधा 1080पी वेबकॅम वाकणाऱ्या स्टँडवर टेबलाकडे तोंड करून लावा, त्याखाली ए4 कागद आडवा ठेवा आणि मार्करने लिहा. तीच प्रतिमा प्रोजेक्टरवर वर्गाला दिसते आणि तीच रेकॉर्ड होते. पेन टॅब्लेटवर हात एकीकडे आणि डोळे दुसरीकडे ठेवून लिहायला शिकावं लागतं. ज्येष्ठ प्राध्यापकांना ते जमायला वेळ लागतो, कागदाला तो त्रास नाही.

डीएसएलआरचा मोह बऱ्याच जणांना होतो. कितीतरी मॉडेल 29 मिनिटं 59 सेकंदांना रेकॉर्डिंग थांबवतात आणि आपला तास 48 किंवा 60 मिनिटांचा. विषय संपला. इंटरॲक्टिव्ह पॅनेल असेल तर त्यातला रेकॉर्डर वापरून बघायला हरकत नाही, पण आवाज पॅनेलच्या स्वतःच्या माइकमधून घेऊ नका. त्याला यूएसबी माइक जोडा आणि मग पुढचं लॅपटॉपबद्दल जे लिहिलंय ते बहुतेक सगळं तिथेही लागू होतं.

अक्षर

बारा फुटी फळा म्हणजे साधारण 3.6 मीटर. साडेसहा इंची मोबाईलवर 16:9 चा व्हिडिओ आडवा लावला तर चित्राची रुंदी भरते जेमतेम 12 सेंटीमीटर. म्हणजे फळा तीस पटींनी लहान झाला. फळ्यावर 5 सेंटीमीटरचं अक्षर काढलंत, जे मागच्या बाकावरून नीट दिसतं, तर विद्यार्थ्याच्या हातात ते 1.7 मिलीमीटरचं उरतं. घातांक, पायाखालचे अंक, दशांशचिन्ह यांची तर आशाच सोडा. अर्धाच फळा चौकटीत घेतला आणि शिक्षकाने त्या सहा फुटांतच लिहिलं तर अक्षर साडेतीन मिलीमीटरच्या आसपास येतं, ते वाचता येतं. मोबाईलच्या मांडणीत म्हणून पहिला नियम हाच: फळ्यावर खडूने उभी रेघ मारा आणि रेघेच्या अलीकडेच लिहा. कॅमेरा फिरवायला माणूस ठेवू नका. तो शेवटी कंटाळतो आणि महत्त्वाच्या ओळीला नेमका बाहेर बघत असतो.

ए4 कागदाचा हिशेब वेगळा. 29.7 सेंटीमीटरचा कागद 12 सेंटीमीटरमध्ये बसतो, म्हणजे लहान होऊन होऊन अडीच पट. कागदावर एक सेंटीमीटरचं अक्षर काढलं की मोबाईलवर 4 मिलीमीटर. स्लाइडवर 28 पॉइंटचा मजकूर मोबाईलवर साधारण 10 पॉइंटचा दिसतो, म्हणजे वर्तमानपत्रातल्या मजकुराएवढा. 18 पॉइंटच्या खाली गेलात तर विद्यार्थी बोटांनी चित्र मोठं करत बसेल आणि ऐकणं सुटेल.

फळ्याचा एक फायदा मात्र मान्य करायला हवा. सिद्धता पायरीपायरीने उलगडताना वरची ओळ तशीच डोळ्यांसमोर राहते. कागद बदलला की मागचा गेला. यावर उपाय इतकाच की कागदांना क्रमांक घालायचे, तास संपल्यावर ते स्कॅन करून व्हिडिओसोबत पीडीएफ म्हणून द्यायचे. खरं तर विद्यार्थी नंतर त्या पीडीएफवरच जास्त वेळ घालवतात, असा माझा अंदाज आहे.

आवाज, आणि ज्याने माझा निकाल लावला ती कटकट

आपल्याकडे उन्हाळी परीक्षेच्या सत्राचा निम्मा अभ्यासक्रम कूलरच्या घरघरीत शिकवला जातो. होळी झाली की खिडकीत कूलर बसतात आणि ते चालू असताना शेवटच्या बाकापर्यंत पोचायला शिक्षकाला गळा ताणावा लागतो. माणसाचा कान ती घरघर गाळून शब्द उचलतो, माइकला ते जमत नाही.

ध्वनीचा साधा नियम आहे: अंतर दुप्पट झालं की थेट येणारा आवाज 6 डेसिबलने उतरतो. कॉलरचा माइक तोंडापासून 20 सेंटीमीटरवर आणि ट्रायपॉडवरचा मोबाईल 4 मीटरवर, म्हणजे वीसपट अंतर. तुमचा आवाज मोबाईलच्या स्वतःच्या माइकपर्यंत 26 डेसिबलने कमी होऊन पोचतो. कूलरचा आवाज मात्र खोलीभर जवळपास सारखाच. त्यातून मोबाईल स्वतःहून आवाजाची पातळी वरखाली करतो. तुम्ही क्षणभर थांबलात की तो पातळी वाढवतो आणि कूलर एकदम उसळतो, बोलायला लागलात की दबतो. इअरफोनवर हे वीस मिनिटं ऐकून बघा.

म्हणून कॉलर माइक दोन्ही मांडण्यांत लागतोच, त्यावर वाद नको. वाद पुढचा आहे. माइक चालू आहे की नाही हे कुणाला दिसतंय?

मोबाईलचा मागचा कॅमेरा फळ्याकडे, म्हणजे स्क्रीन विद्यार्थ्यांकडे. शिक्षकाला फक्त फोनची पाठ दिसते. आता बिघडतं कसं ते बघा. रिसीव्हर पोर्टमध्ये अर्धवट बसलेला असतो. किंवा कॉलरवरच्या ट्रान्समीटरचं म्यूट बटण पदराच्या पिनेने दाबलं जातं. किंवा वायरच्या माइकची पिन तीन संपर्कांची, म्हणजे टीआरएस आणि फोनला हवी चार संपर्कांची टीआरआरएस. किंवा सगळं नीट जोडलेलं असूनही फोनचं मूळ कॅमेरा ॲप बाहेरचा माइक ओळखतच नाही. यातल्या म्यूटमध्ये निदान पूर्ण शांतता रेकॉर्ड होते. बाकीच्या वेळी फोन कसलीही सूचना न देता स्वतःच्या माइकवर जातो आणि रेकॉर्डिंग चालू ठेवतो. लाल ठिपका लुकलुकतोय, सेकंद पुढे सरकतायत, सगळं व्यवस्थित. तास संपल्यावर फाइल उघडून पहिले पाच सेकंद ऐकले तरी शंका येत नाही, कारण आवाज असतो. घरी इअरफोन लावल्यावर कळतं की तो कूलरच्या पलीकडून येतोय. त्या फाइलचं पुढे काही करता येत नाही. आवाज साफ करणारी साधनं घरघर कमी करतात आणि तिच्यासोबत ‘स’, ‘श’, ‘फ’ पण खाऊन टाकतात. जे उरतं ते पाण्याखालून बोलल्यासारखं.

यावर मोबाईलमध्ये उपाय नाही असं नाही. ‘ओपन कॅमेरा’ हे फुकटचं ॲप घ्या. त्याच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये आवाजाचा स्रोत म्हणून बाहेरचा माइक निवडता येतो आणि रेकॉर्डिंग चालू असताना आवाजाची पट्टी पडद्यावर दाखवता येते. पण ती पट्टी बघणार कोण? पहिल्या बाकावरचा विद्यार्थी. तुम्ही त्याला काम नेमून देऊ शकता, काही शिक्षक देतातही. मला ते पटत नाही, कारण त्या विद्यार्थ्याचा तास त्यात जातो. सेल्फी कॅमेरा फळ्याकडे करून स्क्रीन स्वतःकडे घेता येईल, पण तो कॅमेरा बहुतेक फोनमध्ये दुय्यम असतो आणि अक्षराचा वरचा हिशेब आणखी बिघडतो.

लॅपटॉप टेबलावर शिक्षकाकडे तोंड करून असतो. ओबीएसच्या खालच्या बाजूला आवाजाची पट्टी बोलण्याबरोबर हलत असते, हिरवी, पिवळी, लाल. बोलताना टोकं पिवळ्या भागात, म्हणजे उणे 20 ते उणे 9 डेसिबलच्या दरम्यान खेळत असली की झालं. पान उलटताना, पाणी पिताना नजर सहज तिकडे जाते. माइक गेला तर पट्टी पडते किंवा एका जागी थरथरते आणि ते त्याच क्षणी दिसतं. माझ्यासाठी तुलना इथेच संपली. तुमच्या खोलीत एसी असेल आणि माइक कधीच दगा देत नसेल, तर हा मुद्दा तुम्हाला एवढा मोठा वाटणार नाही, हेही खरं.

ओबीएसमध्ये आवाजासाठी करायच्या गोष्टी थोड्याच आहेत. माइक निवडताना ‘डीफॉल्ट’ ठेवू नका, यादीतून त्या माइकचं नाव निवडा. नाहीतर यूएसबी ढिली झाली की विंडोज गुपचूप लॅपटॉपच्या माइकवर जाईल आणि पुन्हा तेच दुखणं. माइकवर ‘नॉइज सप्रेशन’ फिल्टर लावा, पद्धत आरएनएनॉइज. माइक कॉलरवर असेल तर कूलरची एकसुरी घरघर ती बऱ्यापैकी गिळते आणि शब्द शाबूत राहतात. मात्र कूलरचा झोत थेट माइकवर येत असेल तर कुठलाही फिल्टर कामाचा नाही. माइकवर स्पंजची टोपी हवीच, आणि क्लिप झोताच्या उलट्या बाजूला. फळ्याकडे वळताना मान ज्या बाजूला फिरते त्या बाजूच्या कॉलरवर क्लिप लावली की वळल्यावर आवाज पडत नाही. हनुवटीपासून साधारण एक वीत खाली. गळ्यातली ओळखपत्राची दोरी काढून खिशात ठेवा. मंगळसूत्र किंवा लांब साखळी असेल तर माइक खांद्याकडे सरकवा. नाहीतर प्रत्येक हालचालीला टक-टक येते आणि ऐकणाऱ्याला तेवढीच ऐकू येते.

लॅपटॉपचीही एक खोड आहे, ती लपवत नाही. जुन्या इमारतींत अर्थिंग धड नसतं. चार्जर लावून ॲनालॉग, म्हणजे गोल पिनेचा माइक वापरला की आवाजात 50 हर्ट्झची भुणभुण शिरते. तासभर चार्जर काढून ठेवा, किंवा यूएसबी माइक घ्या, किंवा दोनशे-तीनशेचं यूएसबी साउंड कार्ड लावून बघा. सहसा यातल्या एकाने भागतं.

ब्लूटूथ इअरबड्सचा माइक दोन्हीकडे वर्ज्य. माइक चालू झाला की तो फोन कॉलच्या दर्जावर उतरतो. आणि विद्यार्थ्याने प्रश्न विचारला तर तो तुम्ही स्वतः मोठ्याने पुन्हा म्हणा. खोलीत दुसरा माइक फिरवण्याच्या भानगडीत पडू नका.

फाइल

मोबाईल 1080पी, 30 फ्रेमला सेकंदाला 17 मेगाबिटच्या आसपास लिहितो. मिनिटाला सव्वाशे एमबी, 48 मिनिटांच्या तासाला 6 जीबी. दिवसाला दोन तास घेतलेत तर 64 जीबीचा मोकळा फोन आठवडाभरात भरतो. 20 मेगाबिटच्या अपलोडवर एक तास चढवायला चाळीस मिनिटं, तीही लाइन नीट असेल तर. मग आधी हँडब्रेक या व्हिडिओ लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 720पी करून दाबायचं, त्याला वेगळा वेळ. रोज संध्याकाळी हे करायचा उत्साह किती टिकतो हे ज्याचं त्याने ठरवावं.

ओबीएसला सुरुवातीलाच 720पी, 15 फ्रेम, सीआरएफ (चित्राच्या दर्जाचा आकडा, वाढवला की फाइल लहान) 24-25 आणि आवाज मोनो सांगितलं तर कागद किंवा स्लाइडचं चित्र फारसं हलत नसल्यामुळे फाइल आपोआप लहान राहते. 48 मिनिटांची फाइल माझ्याकडे सहसा 200 ते 350 एमबीत आटोपते. ‘स्टॉप’ दाबल्यावर ती जवळजवळ तयारच असते.

रेकॉर्डिंगचा प्रकार एमकेव्ही ठेवा. साध्या एमपी4 फाइलची अनुक्रमणिका रेकॉर्डिंग थांबवताना शेवटी लिहिली जाते. मध्येच लाइन गेली, डेस्कटॉपला यूपीएस नसेल किंवा लॅपटॉपची बॅटरी बसली तर तोपर्यंतचं सगळं न उघडणारी फाइल होऊन पडतं. एमकेव्हीत शेवटच्या क्षणापर्यंतचं सगळं वाचतं. नंतर ओबीएसच्याच फाइल मेनूतून रिमक्स केलं (म्हणजे फक्त फाइलचा प्रकार बदलला) की दोन-तीन सेकंदांत त्याची एमपी4 होते, दर्जा न घटता. मोबाईल थेट एमपी4 लिहितो, त्यामुळे बॅटरी संपून फोन झटक्यात बंद झाला तर हा धोका तिथे आहे.

जिथे मोबाईलच बरा

वर्कशॉप, प्रयोगशाळा, सोल्डरिंग, शिवणकाम, टॅली सोडून इतर जवळपास कुठलंही प्रात्यक्षिक. हाताची हालचाल दाखवायची असेल तर मोबाईल क्लॅम्पने टेबलाला बांधा, वरून चित्र घ्या, लॅपटॉपला तिथे जागा नाही. असे व्हिडिओ पाच-सात मिनिटांचेच करा. आवाज नंतर शांत खोलीत चढवला तरी चालतो.

फळ्याशिवाय ज्यांचं शिकवणंच होत नाही, अशांनाही मोबाईलच द्या. गणिताचा मुरलेला शिक्षक फळ्यावर जे करतो ते कागदावर बसून होत नाही. रेकॉर्डिंगसाठी समोरच्या वर्गाचं नुकसान करण्यात अर्थ नाही. लाइन गेल्यावर प्रोजेक्टर मुका होतो, फळा नाही, हा आणखी एक मुद्दा. शिवाय प्रोजेक्टर दिसावा म्हणून एप्रिलमध्ये दुपारी खिडक्या लावून पडदे ओढायचे तर कूलरला बाहेरची हवा लागते ती कुठून येणार? हा पेच लॅपटॉपवाल्यांना सुटलेला नाही. कूलरची खिडकी मोकळी ठेवून फक्त पडद्यासमोरची खिडकी झाकणं, इतपत तडजोड होते.

मोबाईल घेणार असाल तर पुढच्या गोष्टी चुकवू नका. फोन एअरप्लेन मोडवर, नाहीतर कॉल आला की रेकॉर्डिंग तुटतं. वायरलेस माइकला त्याने फरक पडत नाही. फोकस आणि प्रकाश फळ्यावर बोट दाबून लॉक करा, म्हणजे पांढरा शर्ट चौकटीत आला की फळा काळा पडणार नाही आणि शिक्षक आडवा गेला की फोकस भरकटणार नाही. ॲपमध्ये किंवा वेबकॅमच्या सेटिंगमध्ये अँटी-फ्लिकर 50 हर्ट्झ निवडा. आपला वीजपुरवठा 50 चा आहे, 60 ठेवलं तर ट्यूबलाइटच्या प्रकाशात चित्रावर पट्टे सरकत राहतात. एवढं करूनही लुकलुक थांबली नाही तर वर बघा: ट्यूब पंख्याच्या वर असेल तर पात्यांची सावली फळ्यावर फिरत असते. तो पंखा बंद करा किंवा ती ट्यूब. पांढरा बोर्ड असेल तर ट्यूबचं प्रतिबिंब कुठे पडतं ते कॅमेऱ्याच्या जागेवरून पाहून घ्या. स्वतः बोर्डासमोर उभं राहून ते कळत नाही.

आणि उष्णता. ॲपल आपल्या फोनसाठी 0 ते 35 अंश तापमान सांगते, आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो. चार्जिंगला लावलेला, कव्हर घातलेला फोन सलग व्हिडिओ घेताना तापतो, स्क्रीन मंद करतो आणि जास्तच झालं तर रेकॉर्डिंग बंद करतो. कव्हर काढा, चार्जिंग नको, आधीच भरून आणा. लॅपटॉपचा पंखा निदान ओरडून सांगतो.

लॅपटॉपवाल्यांच्या अडचणी

ओबीएसमध्ये स्क्रीन काळी दिसते ही सगळ्यात जास्त येणारी तक्रार. दोन ग्राफिक्स असलेल्या लॅपटॉपवर ओबीएस एका चिपवर आणि स्क्रीन दुसऱ्या चिपवर चालली की असं होतं. विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये जाऊन ओबीएसला ‘पॉवर सेव्हिंग’ वाली चिप द्या, बहुतेक वेळा चित्र येतं. पूर्ण डिस्प्ले पकडण्यापेक्षा फक्त स्लाइडची खिडकी पकडा. नाहीतर घरच्या ग्रुपवर भाजीबद्दल आलेला निरोपही अभ्यासक्रमात जातो. ‘डू नॉट डिस्टर्ब’ चालू, स्लीप बंद, विंडोज अपडेट आठवडाभर पुढे ढकललेलं. सुरू आणि बंद यांसाठी हॉटकी, म्हणजे कीबोर्डवरची बटणं ठरवून घ्या, म्हणजे वर्गासमोर ओबीएस उघडून दाखवावं लागत नाही. मात्र आवाजाची पट्टी दिसायला हवी, म्हणून प्रोजेक्टर ‘एक्स्टेंड’ वर ठेवा, ‘डुप्लिकेट’ वर नको. स्लाइड तिकडे, ओबीएस तुमच्याकडे.

शिक्षकाचा चेहरा कोपऱ्यात हवा की नको, यावर मतं आहेत. मला तो नसला तरी चालतो. असलाच तर खालच्या उजव्या कोपऱ्यात, चौकटीच्या एक पंचमांशापेक्षा मोठा नको आणि स्लाइडचा तो भाग आधीपासून मोकळा ठेवलेला हवा.

फक्त आवाज?

भाषा, इतिहास, समाजशास्त्र, कायदा अशा विषयांना हा तिसरा मार्ग लोक उगाच हलका समजतात. खिशात फोन, कॉलरवर माइक, आवाज रेकॉर्ड करणारं ॲप. मोनो, 64 किलोबिटला 48 मिनिटांचा तास 23 एमबीत बसतो आणि काटोलच्या बसमध्ये उभ्यानेही ऐकता येतो. फळ्याचे दोन फोटो सोबत पाठवले की पुरे. अकाउंट्स किंवा सांख्यिकीला हे चालणार नाही, उघड आहे. लॅपटॉपवर रेकॉर्डिंग करणाऱ्यांनाही व्हीएलसीमधून आवाज वेगळा काढून द्यायला दोन मिनिटं लागतात. ती फाइल जरूर द्या.

विद्यार्थ्यांपर्यंत

यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ ठेवून लिंक गूगल क्लासरूममध्ये टाकणं सगळ्यात सोयीचं, कारण विद्यार्थी आपल्या डेटाप्रमाणे दर्जा कमी करून बघतो. खातं फोन नंबरने पडताळलेलं नसेल तर 15 मिनिटांच्या वरचा व्हिडिओ जात नाही, ते आधीच करून घ्या. वर्णनात 0:00 पासून सुरू होणारे निदान तीन वेळांचे टप्पे लिहिले की व्हिडिओ प्रकरणांत विभागला जातो. पूर्ण तास कुणीही सरळ बघत नाही, अडलेली दहा मिनिटं शोधतो. कागदांना घातलेले क्रमांक इथे कामी येतात: ‘12:40 कागद 3, घसारा, सरळ रेषा पद्धत’. व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून 2 जीबीपर्यंत फाइल जाते, पण ग्रुपवर टाकलेली फाइल परीक्षेच्या आदल्या रात्री कुणाकडेच नसते.

प्रकाशकाची तयार स्लाइड, सिनेमातला तुकडा किंवा पुस्तकाची पानं वर्गात शिकवताना दाखवणं वेगळं आणि इंटरनेटवर सगळ्यांसाठी ठेवणं वेगळं. कॉपीराइट कायद्यातली सवलत शिकवण्यापुरती आहे. असे भाग रेकॉर्डिंग थोडा वेळ थांबवून दाखवा. विद्यार्थ्यांचे चेहरे चौकटीत येऊ देऊ नका. 2023 च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालचा विद्यार्थी बालक मानला आहे, त्यामुळे कनिष्ठ महाविद्यालयाचे वर्ग त्याच खोलीत भरत असतील तर प्रवेशाच्या वेळीच पालकांची लेखी संमती घेतलेली बरी. इथेही लॅपटॉपचं पारडं थोडं जड: त्याच्या चौकटीत कागद आणि स्लाइडपलीकडे कुणी येतच नाही.

खरेदीला निघताना

पैसे मर्यादित असतील तर पहिली खरेदी माइक. कॅमेरा, टॅब्लेट, स्टँड सगळं नंतर. वायरचा चांगला कॉलर माइक साधारण हजाराच्या आसपास मिळतो. वायरलेस घ्यायचा तर रिसीव्हरला चार्जिंगची वेगळी खाच आहे का, ट्रान्समीटरची बॅटरी सलग तीन-चार तास टिकते का आणि म्यूटचं बटण सहज दाबलं जाण्याइतकं वर आलेलं नाही ना, एवढं बघा. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात दुकानात जाताना ज्या लॅपटॉपवर किंवा फोनवर वापरायचा तोच सोबत न्या. दुकानदाराच्या फोनवर चालला म्हणजे तुमच्या फोनवर चालेलच असं नाही. माइक जोडा, रेकॉर्डिंग सुरू करा आणि माइकच्या जाळीवर नखाने हलकं खाजवा. मग लॅपटॉपच्या किंवा फोनच्या अंगावर जिथे त्याचा स्वतःचा माइक आहे तिथे खाजवा. ऐकताना पहिला आवाज मोठा आणि दुसरा जवळजवळ नाहीच, असं आलं तरच पैसे द्या. हीच चाचणी रोज तास सुरू होण्याआधी दहा सेकंदांत करता येते. मोबाईलवाल्यांनी तर ती चुकवूच नये.